तार तुटल्यावर कोण येणार? गुरुकुंज मोझरीच्या ग्रामसभेस खुले पत्र

प्रति,
ग्रामसभेचे सर्व सदस्य, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी,
गुरुकुंज मोझरी, ता. तिवसा, जि. अमरावती.



घरी नेट घ्यायचं ठरलं की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. वेग किती आणि महिन्याला किती पैसे? कंपनीची जाहिरात याच दोन आकड्यांवर उभी असते, दारावर येणारा पोरगाही तेच सांगतो आणि शेजारी चौकशी केली तरी तेच कानावर पडतं. तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही: तार तुटली तर किती तासांत, कोण आणि कुठून येणार? माझ्या मते खेड्यातल्या घरासाठी हाच पहिला प्रश्न आहे. मात्र याचं खरं उत्तर एकट्या घराला मिळत नाही. ते गावाने मिळून नोंद ठेवली तरच मिळतं. म्हणून हे पत्र कंपन्यांना किंवा एकेका घराला न लिहिता ग्रामसभेला लिहितो आहे.

वेगाचा प्रश्न आधी बाजूला करतो, कारण तो जितका मोठा करून दाखवला जातो तितका मोठा नाही. पूर्ण एचडी चित्रपटाला ५ एमबीपीएसच्या आसपास वेग लागतो. व्हिडिओ कॉलला २ ते ४ पुरतात. मुलीचा ऑनलाइन क्लास, वडिलांच्या मोबाइलवरच्या बातम्या, टीव्हीवरची मालिका आणि आजीचा पुण्यातल्या नातवाशी व्हिडिओ कॉल हे सगळं एकाच वेळी चाललं तरी ३० एमबीपीएसमध्ये भागतं. १०० किंवा ३०० चा प्लॅन घेतल्याने या घराला वेगळं काही जाणवणार नाही. जाहिरातीतला वेग मेगाबिटमध्ये असतो आणि मोबाइलवर उतरणाऱ्या फाइलचं माप मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून ४० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला ५ मेगाबाइट उतरतात. हे ठाऊक नसल्यामुळे अनेकांना वाटतं की कंपनी आठपट फसवते आहे, आणि ते आणखी महाग प्लॅन घेतात. ज्या गावात महिन्यातले चार दिवस नेटच बंद असतं, त्या गावात ते २६ दिवस कितीही वेगाने धावलं तरी परीक्षेचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी त्या वेगाचा उपयोग शून्य.

आता नेट बंद का पडतं ते पाहू, कारण दुरुस्तीचा सगळा प्रश्न तिथेच आहे. फायबर म्हणजे काचेचा धागा. आवरण काढलं की आतली काच १२५ मायक्रॉन जाडीची, म्हणजे केसाएवढी. कंपनीच्या केंद्रातल्या यंत्रातून निघालेला उजेड या धाग्यातून गावात येतो, खांबावरच्या एका छोट्या डबीत ‘स्प्लिटर’ त्याची ३२ किंवा ६४ घरांत वाटणी करतो आणि शेवटी तो घरातल्या डब्यात, म्हणजे ओएनटीत, पोचतो. रस्त्यात कुठेही वीज लागत नाही, ही या रचनेची मोठी सोय. जुन्या पद्धतीच्या जीपॉन यंत्रातून सुमारे २.५ गिगाबिट वेग खाली येतो. सगळ्या ६४ घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला तरी प्रत्येकाच्या वाट्याला जवळपास ३९ एमबीपीएस येतात. म्हणजे वेगाची टंचाई इथेही नाही. अडचण त्या काचेची आहे. खेड्यात ही तार बहुतेक खांबावरून जाते. कापसाने शिगोशीग भरलेली गाडी खालून गेली की लोंबती तार ओढली जाते, वानरं तिच्यावर झोके घेतात, मे महिन्याच्या वावटळीत फांदी पडते, नळाच्या पाइपसाठी जेसीबी लागला की जमिनीतली तार उखडते. तुटली की घरातल्या डब्यावर एलओएसचा, म्हणजे उजेड पोचत नसल्याचा, दिवा लाल होतो आणि त्या घराच्या हातात करण्यासारखं काही उरत नाही.

मग दुरुस्ती करणारा माणूस येतो. तो नेमकं काय करतो हे एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. आधी तो ओटीडीआर नावाच्या यंत्राने तारेत उजेडाचा ठोका सोडतो. तुटल्या जागेवरून परतायला त्याला किती वेळ लागला त्यावरून यंत्र सांगतं की बिघाड इतक्या मीटरवर आहे. तिथे जाऊन तो तारेचं काळं आवरण सोलतो, काच स्पिरिटने पुसतो, क्लीव्हरने तिचं टोक अगदी सरळ कापतो आणि दोन्ही टोकं स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर ठेवतो. विजेची बारीक ठिणगी पडते आणि काच काचेला जुळते. वर छोटी नळी चढवून ती तापवली की सांधा पक्का. यानंतर चांगला कारागीर घरी येऊन ‘पॉवर’ मोजतो, म्हणजे डब्यापर्यंत उजेड किती पोचतो ते पाहतो. हे माप उणे आकड्यात असतं. उणे १८ किंवा २० आलं तर उत्तम, उणे २७ च्या पलीकडे गेलं की डबा केव्हाही मान टाकणार. या मापात दर ३ आकड्यांना उजेड निम्मा होतो, म्हणून उणे २५ दिसलं तर तार चालू असली तरी सांधा कच्चा आहे असं समजावं आणि तिथेच पुन्हा करून मागावा. प्रत्यक्ष जोडणीचं काम काही मिनिटांचं आहे. ग्राहकाचे दिवस जातात ते मशीन आणि माणूस गावात पोचायला. मशीन तिवश्यात आहे, अमरावतीत आहे की नागपुरात, एक मशीन किती गावांना मिळून आहे आणि रविवारी कोण फोन उचलतो, यावर तुमचं नेट चालतं. माहितीपत्रकात हे कधीच छापलेलं नसतं.

घरापर्यंतची तार शाबूत असली तरी गावापर्यंतची तुटू शकते. मोझरी नागपूर-अमरावती महामार्गावर आहे. अमरावती इथून जेमतेम ३५ किलोमीटर. अशा महामार्गांच्या कडेनेच कंपन्या लांब पल्ल्याच्या तारा टाकतात, त्यामुळे नेटच्या मुख्य वाटेपासून हे गाव दूर नाही. तरीही गावात शिरणारी तार एकाच बाजूने येत असेल तर रस्तारुंदीकरणाच्या एका खोदकामाने सगळं गाव एकदम बंद पडतं. यावर उपाय वर्तुळाचा आहे. तार एका बाजूने येते, दुसऱ्या बाजूने पुढे जाते, आणि एक बाजू तुटली की उजेड उलट्या बाजूने फिरतो. देशाने हा धडा बरीच किंमत मोजून घेतला. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं आणि महाराष्ट्रात दुसरा टप्पा महानेट म्हणून राबवला गेला. अनेक ठिकाणी तार पोचली, डबा बसला, पण चालू राहिला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, तेव्हा वर्तुळाकार जोडणी आणि देखभाल या दोन्ही गोष्टींना त्यात आवर्जून जागा मिळाली. त्यामुळे कोणत्याही कंपनीला, मग ती बीएसएनएल असो, खासगी असो की गावचा केबलवाला, एक प्रश्न विचारायलाच हवा: तुमची तार गावात एका वाटेने येते की दोन वाटांनी?

आपल्याच जिल्ह्यातलं हरिसाल यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या या गावाला मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने २०१६ च्या सुमारास देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून पुढे आणलं गेलं. दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरींतून डोंगरात नेट पोचवण्याचा तो प्रयोग होता. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी हरिसालचा व्हिडिओ सभेत दाखवून सरकारच्या दाव्यावर बोट ठेवलं, सरकारपक्षाने त्याला उत्तर दिलं, आणि दोन्ही बाजूंच्या गदारोळात गाव मात्र मधे राहिलं. त्या वादात कोणाचं बरोबर हा माझा विषय नाही. असा वाद मिटवायला एकच पुरावा पुरेसा असतो, तो म्हणजे गावाच्या हातची तारीखवार नोंद: अमुक दिवशी बंद, तमुक दिवशी चालू, कारण हे. ती नोंद नसली की उद्घाटनाचा फोटो एका बाजूचा पुरावा होतो आणि बंद पडलेल्या डब्याचा फोटो दुसऱ्या बाजूचा.

नोंद गावानेच का ठेवायची, याचं कारण सरकारी मोजणीच्या पद्धतीत आहे. दूरसंचार नियामक ट्रायने २००६ मध्ये ब्रॉडबँडसाठी नियम केले. पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत ९० टक्के बिघाड दुरुस्त व्हावेत, तीन कामाच्या दिवसांत ९९ टक्के, आणि त्यापुढे उशीर झाला तर ग्राहकाला भाड्यात सूट मिळावी, अशी मोजपट्टी त्यात होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांच्या जागी नवी नियमावली लागू झाली. नियम चांगले आहेत. पण ही टक्केवारी साधारणपणे परिमंडळ धरून काढली जाते. आपलं परिमंडळ मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून होतं. मोझरीतली चाळीस घरं आठवडाभर बंद राहिली तरी पुणे आणि पणजीच्या सरासरीत ती पुसून जातात. कंपनी खोटं बोलत नाही, नियामकही झोपलेला नाही, तरी मोझरीचा आठवडा कोणत्याच कागदावर येत नाही. तो कागद तयार करण्याइतकी जवळ फक्त ग्रामसभा आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की तारेचं एवढं अवडंबर कशाला, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, रिचार्ज आहे. वजन या आक्षेपाच्या बाजूने दिसतं खरं. देशात मोबाइलवर ब्रॉडबँड वापरणारे ९० कोटींहून अधिक, तर तारेवरच्या जोडण्या ४ कोटींच्या आसपास. पण घराचं नेट आणि माणसाचं नेट यांत फरक आहे. बाप वावरात गेला की त्याच्या खिशातला डेटाही वावरात जातो, घरातली मुलगी तशीच राहते. दिवसाचा दीड-दोन जीबीचा कोटा एका लांब व्हिडिओ क्लासमध्ये संपत येतो. मोझरीच्या बाबतीत तर आणखी एक कारण आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात, आश्विन वद्य पंचमीला ४ वाजून ५८ मिनिटांनी, लाखो माणसं या मातीवर मौन उभी राहतात. टॉवरची क्षमता त्याच्या टापूत असलेल्या सगळ्या फोनमध्ये वाटली जाते. एरवी काही हजारांसाठी पुरणारा टॉवर लाखांच्या गर्दीत कोलमडतो, आणि नेमकं त्याच दिवसांत घराघरांत पाहुणे, दुकानात यूपीआयची रांग आणि दवाखान्यात घाई असते. तारेवरच्या घराला या गर्दीची झळ लागत नाही. त्याचा उजेड त्याच्या धाग्यातून येतो. २०२३ पासून कंपन्या एअर फायबर नावाने विकतात ती छतावरच्या डबीची जोडणी तार पोचत नाही तिथे कामाची आहे, पण तीही टॉवरच्याच क्षमतेतून येते. नाव फायबरचं असलं तरी ती रेंजवरच चालते, हे घेणाऱ्याने समजून घ्यावं. उपग्रहाचं नेटही तार पोचत नाही तिथेच कामाचं. स्टारलिंकला २०२५ मध्ये भारतात परवाना मिळाला. मेळघाटातल्या वस्त्यांना उद्या त्याचा मोठा आधार होऊ शकेल, पण महामार्गावरच्या गावाने तार सोडून आकाशाकडे पाहत बसायचं कारण मला दिसत नाही.

दुसरा आक्षेप: लाइनच जाते, मग नेट काय करणार? हा आक्षेप खरा आहे आणि त्याचा उपाय स्वस्त आहे. मघाशी म्हटलं तसं रस्त्यातल्या तारेला वीज लागत नाही. वीज लागते दोन टोकांना. घरातला डबा बहुतेक १२ व्होल्टवर चालतो आणि १०-१५ वॅटपेक्षा जास्त खात नाही. त्याला लिथियम बॅटरीचा छोटा राउटर-यूपीएस लावला की काही तास सहज निघतात. किंमत साधारण एका पावसाळी छत्री-रेनकोटाच्या खर्चाएवढी ते त्याच्या दुपटीपर्यंत. घरात इन्व्हर्टर असेल तर डब्याचा प्लग त्याच्या लाइनवर आहे ना, एवढंच पाहायचं. वायरमनने तो भलत्याच बोर्डावर दिलेला असतो आणि पंखा चालू, नेट बंद असा प्रकार होतो. दुसरं टोक कंपनीचं आहे आणि तिथे आपला हात पोचत नाही. म्हणूनच विचारायचं: तुमच्या केंद्राला बॅटरी किती तासांची? आठ तास लाइन गेली तर तुमचं यंत्र चालू राहतं का? याचं उत्तर तोंडी गोड मिळेल. खरं उत्तर गावाने नोंद ठेवलेल्या वहीत मिळेल, लाइन गेलेल्या दिवशी कोणाची जोडणी टिकली आणि कोणाची नाही ते पाहिलं की.

आता थोडं घराच्या आत, कारण सगळा दोष कंपनीचा नसतो. घरापर्यंत उत्तम नेट आलेलं असतं आणि शेवटच्या दहा पावलांत ते वाया जातं. डबा कुठे बसतो? जिथून तार आत आली त्या खिडकीशी, टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटाच्या वर, कारण बसवणाऱ्याला तिथे तार कमी लागते. वऱ्हाडातलं जुनं घर म्हणजे हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, मधे मोठा चौक, वर टिनाची पत्रं. नव्या घराला सिमेंटचा स्लॅब. वायफायच्या लहरी जाड भिंतीत मुरतात, पत्रा आणि लोखंड त्यांना परतवून लावतं, पाण्याची टाकी त्या शोषून घेते. म्हणून डबा घराच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, उघड्यावर असावा. त्यासाठी फायबर आणखी पंधरा मीटर आत घ्यावी लागली तरी बसवतानाच घ्यावी. नंतर कोणी येत नाही. डबा दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर दूर जाते, भिंत ओलांडते, पण मंद असते आणि शेजारच्या दहा डब्यांची गर्दी तिच्यावरच असते. या पट्टीत एकमेकांना न अडवणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. घरं चिकटून असतील तर शेजाऱ्यांनी आपसांत हे वाटून घेतले तरी निम्मी कटकट संपते. ५ गिगाहर्ट्झची लहर जोरात धावते, पण एका खोलीपुरती. टीव्ही आणि लॅपटॉप ५ वर ठेवावेत, लांबच्या खोलीतला मोबाइल २.४ वर.

मागच्या खोलीत किंवा माडीवर रेंज येत नसेल तर बाजारातला रिपीटर घेण्याची घाई करू नये. रिपीटर तीच लहर ऐकतो आणि तीच पुन्हा बोलतो, त्यात वेग निम्म्यावर येतो. मंद ठिकाणी लावला तर तो मंदपणाच पुढे पाठवतो. त्याऐवजी डब्यापासून त्या खोलीपर्यंत लॅन केबल न्यावी आणि तिथे दुसरा साधा राउटर लावावा. ही केबल १०० मीटरपर्यंत वेग घटू न देता जाते, म्हणजे वाड्याच्या टोकालाही पुरते. घेताना ती निव्वळ तांब्याची आहे ना हे विचारून घ्यावं. स्वस्त केबलमध्ये आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा असतो, ती वाकवली की तुटते. पावसाळ्यात छतावरून उघडी लॅन केबल मात्र नेऊ नये. विजेचा कडकडाट झाला की तांब्याच्या तारेतून झटका डब्यात उतरतो. काचेच्या फायबरला ती भीती नाही. आणखी एक साधी गोष्ट: डब्याखाली छापलेला पासवर्ड बदलावा, आणि महोत्सवात घरी पाहुणे असतात तेव्हा ‘गेस्ट नेटवर्क’ वेगळं चालू करावं. पाहुण्याला नेट मिळतं आणि घरचा पासवर्ड गावभर फिरत नाही.

हे सगळं सांगायचं कारण तक्रारीशी जोडलेलं आहे. नेट मंद झालं की ग्राहक कंपनीला दोष देतो, कंपनी ग्राहकाच्या वायफायला. निवाडा करायची पद्धत सोपी आहे. लॅपटॉप लॅन केबलने थेट डब्याला जोडायचा आणि वेग मोजायचा. तिथे पूर्ण वेग मिळाला आणि खोलीत मिळत नसेल तर दोष घरातला. तिथेही मिळत नसेल तर कंपनीचा. संध्याकाळी आठ ते दहा या गर्दीच्या वेळी आणि पहाटे, असं दोनदा मोजलं तर आणखी एक गोष्ट उघड होते. पहाटे पूर्ण आणि रात्री अर्धा वेग येत असेल तर कंपनीने गावात येणारी मुख्य वाट अपुरी घेतली आहे. गावात ज्याच्याकडे लॅपटॉप आहे अशा एका-दोन पोरांनी हे काम अंगावर घेतलं तर दहा घरांचे वाद मिटतील. तुकडोजी महाराजांच्या आश्रमाच्या परिसरात आयुर्वेद महाविद्यालयाचे विद्यार्थी आहेत, खोल्या करून राहणारी मुलं आहेत. त्यांना हे शिकायला एक तास पुरे.

पैशाच्या बाबतीत माझं म्हणणं थोडक्यात आहे. ३९९ चा प्लॅन १८ टक्के जीएसटीसह ४७० रुपये ८२ पैशांना पडतो. बसवण्याचा खर्च, डब्याची अनामत, आणि ठरलेला डेटा संपल्यावर वेग किती उरतो, हे तीन आकडे लेखी घ्यावेत. पण सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे वर्षाचे पैसे एकदम भरू नयेत. वार्षिक प्लॅनवर एक-दोन महिने फुकट मिळतात हे खरं, पण ते पैसे भरले त्या दिवशी दुरुस्तीसाठी ओढायची दोरी तुमच्या हातून सुटते. महिन्याने पैसे देणाऱ्याचा फोन लवकर उचलला जातो. गावच्या वहीत एखाद्या कंपनीची वर्षभराची कामगिरी चांगली दिसली तर पुढच्या वर्षी खुशाल वार्षिक घ्यावं. आणि ज्या घराला महिन्याचे चारशे-पाचशेही जड आहेत त्याचं काय? त्याच्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना आहे. किराणा दुकानदार किंवा चहावाला वेगळा परवाना न काढता आपल्या जोडणीवरून थोड्या पैशांत वायफाय विकू शकतो. फाट्यावर, बसथांब्याजवळ आणि आश्रमाच्या वाटेवर अशी दोन-चार ठिकाणं झाली तर गरीब घरातल्या मुलाची आणि यात्रेकरूचीही सोय होते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कोणी म्हणेल, ग्रामपंचायतीपुढे पाणी आहे, नाल्या आहेत, दिवाबत्ती आहे, हे नेटचं लचांड कशाला? माझं उत्तर असं की नेट आता त्या कामांच्या रांगेत मागून आलेलं वेगळं काम राहिलेलं नाही, ती कामं त्याच्यातूनच होतात. सातबारा त्यातून निघतो, पीएम किसानचं ई-केवायसी त्यातून होतं. २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी सुरू केली, म्हणजे पऱ्हाटीचा भावसुद्धा तारेला टांगलेला आहे. आणि ग्रामपंचायतीला यासाठी पैसा लागत नाही, एक वही लागते. शिवाय गावाचं काम गावाने मिळून करायचं हा विचार इथे बाहेरून आणावा लागत नाही. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये याच ठिकाणी आश्रम उभारला आणि १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रामगीतेत ग्रामरक्षण, ग्रामआरोग्य, जीवनशिक्षण यांना स्वतंत्र अध्याय दिले. सफाई जशी एका घराने होत नाही तशी नेटची देखरेखही एका घराने होत नाही.

यावर भीती अशी दाखवली जाईल की वही ठेवली, जाहीर वाचली, तर कंपनी रागावून गाव सोडेल. मला ते पटत नाही. तार टाकण्याचा खर्च कंपनीने आधीच केलेला असतो. तो वसूल करायचा तर ग्राहक हवेत, आणि ग्राहक वही वाचून ठरवणार असतील तर कंपनीला दुरुस्तीवर माणूस ठेवणं परवडतं. गावातल्या एखाद्या आयटीआय झालेल्या मुलाला कंपनीने स्प्लायसिंग शिकवून दुरुस्तीचं काम दिलं तर तिचाही अमरावतीचा हेलपाटा वाचतो. लहान केबलवाल्यालाही ही वही फायद्याचीच आहे. तो मोठ्या कंपनीइतकी जाहिरात करू शकत नाही, पण दोन तासांत येत असेल तर ते वहीत दिसेल.

म्हणून मागणी अशी. कायद्याने वर्षात किमान चार ग्रामसभा होतात. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा आणि ग्रामपंचायत कार्यालयात एक नोंदवही उघडावी. रकाने मोजके: तारीख, वॉर्ड, कंपनी, बंद पडल्याची वेळ, तक्रारीचा क्रमांक, चालू झाल्याची वेळ, कारण. तक्रारीचा क्रमांक प्रत्येकाने मागून घ्यावाच, कारण त्याच्याशिवाय पुढे कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येत नाही. तिथेही दाद लागली नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दूरसंचार सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा अधिकार मान्य केला आहे. एकट्याच्या तक्रारीला वहीच्या प्रमाणित नकलेची जोड मिळाली तर तिचं वजन किती वाढेल हे वेगळं सांगायला नको. खांब आणि खोदकामाच्या परवानगीसाठी कंपनी ग्रामपंचायतीकडे येते तेव्हा गावासाठी नेमलेल्या दुरुस्तीवाल्याचं नाव, त्याचा नंबर आणि गावात येणाऱ्या वाटा किती, हे लेखी विचारावं. विचारायला कोणाची मनाई नाही. ग्रामपंचायतीचं स्वतःचं कोणतंही खोदकाम निघालं की मार्च २०२३ पासून सुरू असलेल्या ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲपवर आधी कळवावं, म्हणजे आपल्याच जेसीबीने आपलीच तार तुटणार नाही. आणि वहीची पहिली नोंद ग्रामपंचायत कार्यालयाच्या स्वतःच्या भारतनेट जोडणीची असावी: आज ती चालू आहे की बंद, आणि बंद असेल तर केव्हापासून.

आपला,
तिवसा तालुक्यातील एक नागरिक